आरकेओ जनरलचे परवाने: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

आरकेओ जनरल या अमेरिकन रेडिओ-टीव्ही प्रक्षेपण कंपनीच्या उदयास्तावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि आपली नापसंती स्पष्ट शब्दांत कळवलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे: आरकेओची मालक असलेल्या जनरल टायर या मूळ कंपनीने परदेशात दिलेल्या लाचेचा टीव्ही केंद्राच्या कारभाराशी काहीही संबंध नव्हता, तरीही परवाना काढून घेणे हा सरकारी छळ होता आणि मी त्याला न्याय ठरवले. शिवाय केंद्रे विकून ज्या मालकांनी कोट्यवधी डॉलर मिळवले, त्यांना शिक्षा झाली असे म्हणण्यात अर्थ नाही. बोस्टन, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या तिन्ही केंद्रांचे परवाने गेले, हे माझे विधानही आपण खोडून काढले आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर आपले म्हणणे पूर्णपणे खरे आहे. प्रक्षेपणाचे परवाने देणारी सरकारी संस्था फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, हिने 1980 मध्ये तिन्ही केंद्रांच्या परवान्यांच्या नूतनीकरणाला नकार दिला होता. परंतु डिसेंबर 1981 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्यांपैकी फक्त बोस्टनच्या डब्ल्यूएनएसी केंद्राबाबतचा नकार कायम केला आणि उरलेली दोन प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठवली. एफसीसीच्या निर्णयालाच मी अंतिम निकाल समजून लिहिले. ती चूक माझी आहे आणि मूळ लेखातले ते वाक्य आता दुरुस्त केले आहे.

छळाच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. जनरल टायर कंपनीने परदेशात दिलेले पैसे, देशात दिलेल्या बेकायदेशीर राजकीय देणग्या आणि ‘तुम्ही आमच्या केंद्रांवर जाहिराती द्या, आम्ही तुमचा माल घेऊ’ अशा धर्तीचे व्यवहार ही सगळी कारणे एफसीसीने आपल्या निर्णयात एकत्र गुंफली होती. आपण आज जो प्रश्न विचारत आहात, तोच न्यायालयानेही विचारला, आणि ही कारणे बाजूला ठेवली. एफसीसीच्या निर्णयाचा आधार एवढाच असता, तर तो टिकला नसता आणि मीही आपल्या बाजूने उभा राहिलो असतो. टिकले ते एकच कारण. बोस्टनच्या परवान्यावर दावा सांगणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी मूळ कंपनीच्या गैरव्यवहारांकडे एफसीसीचे लक्ष वेधले, त्या सुमारास शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनची त्या कंपनीविरुद्ध चौकशी सुरू होती. आणि हे ठाऊक असूनही आरकेओने परवाना देणाऱ्या संस्थेपुढे ते उघड केले नाही. लाच टायर कंपनीने दिली होती हे मान्य. पण ही लपवाछपवी परवानाधारकाने स्वतः, परवान्याच्याच सुनावणीत केली होती. लाच आणि लपवणूक यांतला हा फरक माझ्या लेखात पुरेसा ठळक झाला नाही, आणि आपला गैरसमज बहुधा त्यामुळेच झाला असावा.

हा फरक मला इतका महत्त्वाचा का वाटतो, हे कंपनीच्या उदयाकडे पाहिले की लक्षात येते. ओहायोतल्या ॲक्रन शहरातली ही टायर कंपनी ओ’नील कुटुंबाची. तिने 1943 मध्ये न्यू इंग्लंडमधले यांकी हे रेडिओ नेटवर्क घेतले, पुढे पश्चिम किनाऱ्यावरचे डॉन ली नेटवर्क आणि मग न्यूयॉर्कचे डब्ल्यूओआर केंद्र. थॉमस ओ’नील यांनी 1955 मध्ये हॉवर्ड ह्यूज यांच्याकडून आरकेओ रेडिओ पिक्चर्स हा आख्खा स्टुडिओ अडीच कोटी डॉलरला विकत घेतला, तो चित्रपट काढण्यापेक्षा तिथल्या जुन्या चित्रपटांच्या साठ्यासाठी. डब्ल्यूओआरच्या ‘मिलियन डॉलर मूव्ही’ या कार्यक्रमात एकच चित्रपट आठवडाभर, दररोज, एकाच संध्याकाळी दोनदासुद्धा दाखवत. सोमवारी हुकलेला चित्रपट गुरुवारी बघता येई, आणि आवडला तर शनिवारपर्यंत पाठही होई. 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या केएचजे रेडिओ केंद्रावर बिल ड्रेक यांनी निवेदकांची बडबड कमी करून मोजक्या लोकप्रिय गाण्यांचा वेगवान साचा बसवला आणि अमेरिकाभरच्या केंद्रांनी तो उचलला. या कर्तबगारीबद्दल मला मनापासून आदर आहे. लेखात तो दिसला नसेल तर तो माझ्या लेखणीचा दोष. पण स्टुडिओ विकत घेता येतो, चित्रपट विकत घेता येतात, प्रक्षेपणाच्या लहरी घेता येत नाहीत. अमेरिकेच्या 1934 च्या दळणवळण कायद्याने त्या कोणाच्याही मालकीच्या केलेल्या नाहीत. त्या वापरण्याचा परवाना तेव्हा तीन वर्षांचा असे आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागे. देशभरातल्या एवढ्या केंद्रांवर रोज जाऊन लक्ष ठेवणे एफसीसीला शक्य नव्हते. अर्जदार जे लिहून देईल ते खरे, या एका भरवशावर ती सारी व्यवस्था चालत होती, आणि नेमका तोच भरवसा इथे मोडला गेला.

आता पैशांविषयी. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसबाबत आपला मुद्दा निरुत्तर करणारा आहे. 1982 च्या एका करविषयक कायद्यात सिनेटर बिल ब्रॅडली यांनी असे कलम घालून घेतले की, ज्या राज्यात एकही व्यावसायिक व्हीएचएफ (2 ते 13 क्रमांकाच्या वाहिनीवरचे) टीव्ही केंद्र नाही तिथे जे केंद्र स्थलांतर करेल, त्याच्या परवान्याचे नूतनीकरण एफसीसीने केलेच पाहिजे. कलमात कोणाचेही नाव नव्हते, पण अंगरखा डब्ल्यूओआरच्याच मापाने बेतलेला होता. केंद्र कागदोपत्री नदीपलीकडे, असे एकही केंद्र नसलेल्या न्यू जर्सी राज्यातल्या सिकॉकसला गेले, परवाना वाचला, आणि पुढे एमसीए कंपनीने ते 38 कोटी 70 लाख डॉलरना विकत घेतले. हे मला तेव्हाच्या वर्णनांत वाचतानाही खटकले होते आणि आजही खटकते. लॉस एंजेलिसच्या केंद्रापोटी डिस्नेने 32 कोटींहून अधिक डॉलर मोजले. त्यांतला सुमारे एक तृतीयांश वाटा 1965 पासून दावा लढणाऱ्या फिडेलिटी टेलिव्हिजनला मिळाला आणि उरलेला आरकेओला.

बोस्टनचा हिशेब मात्र वेगळा आहे. डेव्हिड म्यूगर यांच्या नेतृत्वाखालच्या नव्या कंपनीने आरकेओकडून इमारत आणि यंत्रसामग्री घेतली ती सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलरना. त्याच सुमारास त्याच शहरातले डब्ल्यूसीव्हीबी हे केंद्र मेट्रोमीडिया कंपनीने, परवान्यासह, 22 कोटी डॉलरना घेतले होते. या दोन आकड्यांमधल्या अंतरात परवान्याची किंमत दडलेली आहे. 22 मे 1982 रोजी त्याच इमारतीतून, त्याच सात क्रमांकाच्या वाहिनीवर, डब्ल्यूएनईव्ही हे नवे नाव दिसू लागले. हा मालकांसाठी दंड नव्हता असे मला म्हणवत नाही.

आपल्या प्रतिक्रियेतले एक वाक्य मात्र मी जसेच्या तसे मान्य करतो: इतकी वर्षे चाललेली सुनावणी ही स्वतःच अन्यायकारक असते. बोस्टनचा वाद 1969 मध्ये सुरू होऊन 1982 मध्ये मिटला. लॉस एंजेलिसचा 1988 पर्यंत लांबला. इतका काळ केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना उद्या आपला मालक कोण असेल हे ठाऊक नव्हते, आणि आव्हान देणाऱ्यांनाही पदरचे पैसे घालून थांबावे लागले. पण तेवढ्याने आरकेओ निर्दोष ठरत नाही. ऑगस्ट 1987 मध्ये एफसीसीचे प्रशासकीय न्यायाधीश एडवर्ड कूलमन यांनी कंपनीच्या उरलेल्या सर्व केंद्रांसाठी तिला अपात्र ठरवले, आणि त्या वेळी पुढे आलेल्या गोष्टींत परदेशातली लाच हा मुख्य विषय नव्हता. जाहिरातदारांना गैररीतीने लावलेली बिले आणि एफसीसीपुढे केलेली खोटी निवेदने यांवर तो निर्णय उभा होता. म्हणजे बोस्टन हातचे गेल्यानंतरही कारभाराची तऱ्हा सुधारलेली नव्हती. त्यानंतर एकेक केंद्र विकले गेले आणि 1991 पर्यंत कंपनीच्या हाती एकही परवाना उरला नाही.