कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग: एका संदेशाचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश छातीठोकपणे सांगतो की, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात हे सिद्ध झाले आहे, कारण या गोळ्या गाठीची रसदच तोडतात. औषध स्वस्त असल्याने कंपन्या ही माहिती दडवतात. तेव्हा रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेले दिसताच गोळी सुरू करावी.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत स्टॅटिन घेणारे रुग्ण खरोखरच अधिक काळ जगलेले दिसतात. परंतु निदानानंतर चौथ्या महिन्यात ज्याने गोळी सुरू केली, तो तोवर जिवंत होता हे उघडच आहे. दुसऱ्याच महिन्यात दगावलेला रुग्ण मात्र आपोआप ‘न घेणाऱ्यां’च्या रकान्यात जातो, आणि ज्या आजारात आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावे लागते, तिथे एवढ्यानेही गोळीच्या खात्यावर न कमावलेले महिने जमा होतात. शिवाय खंगलेल्या, अन्न तुटलेल्या रुग्णाच्या अशा गोळ्या डॉक्टर अनेकदा स्वतःच बंद करतात; म्हणजे गोळी चालू असणे हेच प्रकृती त्यातल्या त्यात बरी असल्याचे लक्षण ठरते.

गट यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यागत, पाडले की हा घोळ टळतो. दक्षिण कोरियातील अशा चाचणीत, जिचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, आजार बळावलेल्या 114 रुग्णांना जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधासोबत रोज 40 मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन (एक स्टॅटिन) किंवा औषध नसलेली गोळी देण्यात आली. आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक (म्हणजे रांगेतल्या मधल्या रुग्णाचा) काळ सिम्वास्टॅटिनच्या गटात 2.4 महिने, तर दुसऱ्या गटात 3.6 महिने भरला. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, त्यामुळे गोळीने अपाय केला असे म्हणता येत नाही. पण फायद्याचा मागमूसही दिसला नाही. चाचणी लहान होती, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबद्दल ती काही सांगत नाही, हे मान्य. तरी ‘सिद्ध’ म्हणायला आधार कुठला?

रसद तोडण्याची कल्पना निराधार नाही. या कर्करोगात सुमारे दहांपैकी नऊ रुग्णांमध्ये बिघडलेले आढळणारे, पेशीला वाढीचा इशारा देणारे केरास प्रथिन पेशीच्या पडद्याला चिकटण्यासाठी जी मेदाची शेपटी वापरते, ती कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या मार्गावरच बनते, आणि स्टॅटिन हाच मार्ग अडवते. मात्र ही शेपटी जोडणारे विकरच रोखणारे टिपिफार्निब हे औषध 688 रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा (2004) मध्यक आयुष्य 193 दिवस आणि त्या औषधाविना 182 दिवस, असा नगण्यच फरक निघाला. एक शेपटी अडवली तर केरास दुसरी जोडून घेते.

दडवादडवीबद्दल एवढेच, की प्रतिकूल निष्कर्षही छापून आले आहेत.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ पित्तनलिका दाबते, पित्त तुंबून कावीळ होते, आणि त्याच कारणाने रक्तातील कोलेस्टेरॉलही चढते. अशा रुग्णाला गरज असते ती नलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालून पित्ताला वाट करून देण्याची.