यंत्राला वजन हवे

जपानी कायजू चित्रपटांतील, म्हणजे अजस्र प्राण्यांच्या चित्रपटांतील वाहनांची प्लास्टिक मॉडेल्स बांधणाऱ्या मित्रांना मी एक गोष्ट वारंवार सांगतो: ही वाहने चकचकीत, नवीकोरी रंगवू नका. "मुळात काल्पनिक यंत्र आहे, कसेही रंगवले तरी चालते" हे म्हणणे मला मुळीच पटत नाही, कारण ज्यांनी ही यंत्रे पडद्यावर आणली, त्यांनी ती काल्पनिक मानून घडवली नव्हती.

1954 सालच्या 'गॉडझिला'साठी तोक्योच्या इमारती 1/25 प्रमाणात उभारल्या होत्या. एवढ्या लहान इमारतीचा तुकडा खाली यायला खऱ्या इमारतीच्या मानाने एक पंचमांशच वेळ घेतो, आणि तेवढ्यानेच खेळण्याचे खेळणेपण उघडे पडते. म्हणून विशेष दृश्यांचे दिग्दर्शक एइजी त्सुबुराया यांनी अशी दृश्ये वेगवान कॅमेऱ्याने टिपली, जेणेकरून नेहमीच्या गतीने दाखवल्यावर ती संथ होतील आणि डोळ्याला जड वाटतील. टेबलावरच्या मॉडेलपाशी असा कॅमेरा नसतो, ते हलतही नाही. तिथे वजन आणायचे काम रंगालाच करावे लागते.

माझे सर्वांत आवडते वाहन 1966 सालच्या 'सांडा विरुद्ध गायरा'मधील मेसर तोफ. ट्रॅक्टरने ओढायचा गाडा आणि त्यावर बशीसारखी मोठी डिश, असे तिचे रूप आहे. मेसर हा शब्द पटकथाकाराने मनाने रचलेला नाही. सूक्ष्मतरंगांचे ते खरे उपकरण चार्ल्स टाउन्स यांनी 1954 च्या सुमारास प्रयोगशाळेत चालवून दाखवले आणि त्या क्षेत्रातील कामासाठी त्यांना 1964 साली नोबेल मिळाले. किरण फिरतो आणि जंगलातील झाडे एकामागून एक कापली जातात, तो प्रसंग ज्याने पाहिला आहे त्याला ही तोफ चिखलातून, झाडोऱ्यातून ओढून आणलेली आहे याचा विसर पडणार नाही. म्हणून मी चाकांवर आणि चाकांच्या वरच्या पट्ट्यांवर मातकट रंग थापतो, पण डिशच्या आतल्या बाजूला हात लावत नाही. ज्या भागाची निगा सैनिक रोज राखतील तो स्वच्छ आणि ज्याकडे कोणी पाहणार नाही तो मळका, एवढा फरक केला तरी गाड्यामागे माणसे उभी असल्यासारखे वाटते.

इशिरो होंडा यांच्या 1963 च्या चित्रपटातील गोतेंगो, ती नाकावर गिरमिट असलेली पाणबुडी, हे जास्त कठीण प्रकरण आहे. माझ्या संचात गिरमिटाचे दोन अर्धे जोडावे लागतात आणि सांध्याची रेघ नेमकी वळणदार कंगोऱ्यांवरून जाते. पॉलिश कागदाची बारीक पट्टी बोटाच्या पेरावर गुंडाळून एकेक कंगोरा घासत मी चार संध्याकाळी घालवल्या, आणि नंतर पावसाळी हवेत लॅकर उडवायची चूक केली. दमटपणामुळे रंगावर पांढुरकी साय धरली आणि सगळे पुन्हा घासावे लागले. तरीही ही मेहनत मला योग्य वाटते. गोतेंगोचे रूप रेखाटणारे शिगेरू कोमात्सुझाकी यांनीच तामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीच्या पँथर रणगाड्याच्या डब्यावरचे चित्र रंगवले होते. खरा रणगाडा आणि कल्पनेतील पाणबुडी या दोन्हींकडे त्यांनी एकाच गांभीर्याने पाहिले, तर ती पाणबुडी बांधताना आपण कमी गंभीर का असावे? समुद्रातून आणि जमिनीतून वाट काढणाऱ्या गिरमिटाच्या धारा घासून उजळ झालेल्या असणार आणि खोबणी काळपट राहणार; वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला काळा रंग, खोबणीत सोडून धारांवर कोरड्या ब्रशाने चंदेरी रंग फिरवला की ते दिसते.

एका वाहनाला मात्र मी हा नियम लावत नाही. 2023 च्या गॉडझिलापटातील शिंडेन हे खरोखर बनलेले विमान होते, 3 ऑगस्ट 1945 ला ते प्रथम उडाले आणि युद्ध संपेपर्यंत त्याची मोजकीच उड्डाणे झाली. पंखा मागे असलेल्या या विमानाला झिजायला वेळच मिळाला नाही. माझ्या शिंडेनवर धुराड्याच्या तोंडापाशी थोडी काजळी आहे, बाकी पत्रा मी कोरा ठेवला आहे.