मायपाय काहीच सांगत नाही, कारण त्याने पाहिलेलंच नाही

मायपाय हा पायथॉनचा टाइप चेकर, म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या टाइपच्या (आकडा, मजकूर अशा माहितीच्या प्रकारांच्या) चुका शोधणारं साधन. त्यावरून पायथॉनवाल्यांमध्ये एक मजकूर सतत फिरतो: ‘स्ट्रिक्ट टाइप चेकिंग लावलं की पायथॉनची जावा होते. टेस्ट चांगल्या असतील तर त्याची गरज नाही, जुन्या कोडला ते झेपत नाही, आणि आम्ही मायपाय चालवलं तेव्हा एकही चूक निघाली नाही.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण खरी गफलत तिथेच आहे. ज्या फंक्शनला टाइप हिंट (ते कोणत्या टाइपचं काय घेतं आणि काय परत देतं हे सांगणाऱ्या नोंदी) नाहीत, त्याच्या आतला कोड मायपाय मूळ सेटिंगमध्ये तपासतच नाही. हिंट नसलेल्या प्रोजेक्टवर ते चालवलंत तर हिरवं उत्तर येणारच. निदान हिंट नसलेली फंक्शन्सही तपासायला लावणारी ‘चेक अनटाइप्ड डेफ्स’ ही सेटिंग चालू करा आणि मग बोला.

‘टेस्ट आहेत ना?’ आमच्याकडेही होत्या. फोन नंबरवरून ग्राहक शोधणारं एक फंक्शन होतं: सापडला तर ग्राहक, नाही तर नन (None), म्हणजे ‘काहीच नाही’. पुढच्याच ओळीत त्याचा ईमेल काढलेला. टेस्टमधला प्रत्येक नंबर डेटाबेसमध्ये असलेलाच, त्यामुळे कव्हरेजमध्ये, म्हणजे टेस्टमध्ये कोणत्या ओळी चालल्या त्या अहवालात, ती ओळ हिरवी. एका रात्री अनोळखी नंबर आला आणि बिलांचा जॉब अर्ध्यावर पडला. नंतर त्या फंक्शनच्या रिटर्न टाइपमध्ये ‘किंवा नन’ लिहिलं, तर मायपायने हीच चूक आणखी तीन ठिकाणी दाखवली. त्या तिन्ही ठिकाणांच्या टेस्ट पास होत होत्या. म्हणून मला दोन्ही हवंय, टेस्टही आणि चेकरही.

टाइप लिहिण्याची सक्ती करणाऱ्या जावाचं म्हणाल, तर टाइप हिंट पायथॉन ३.५ मध्ये, २०१५ साली आल्या. त्या प्रस्तावाच्या लेखकांत खुद्द पायथॉनचे जनक गिदो व्हान रॉसम होते आणि हिंट सक्तीच्या करायच्या नाहीत हे त्यातच स्पष्ट लिहिलंय. फंक्शनच्या आतल्या बहुतेक व्हेरिएबल्सचा टाइप चेकर स्वतःच ओळखतो. ३.८ पासून प्रोटोकॉल आहेत, म्हणजे वस्तूकडे कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगता येतं; त्यामुळे डक टायपिंगही (वस्तूचा टाइप न पाहता ती काय करू शकते ते पाहणं) शाबूत.

जुन्या कोडबद्दलची भीती मात्र मला समजते. एकदम स्ट्रिक्ट लावलं की हजारो एरर येतात आणि टीम ते बंद करून मोकळी होते. पण ड्रॉपबॉक्सने २०१९ पर्यंत ४० लाख ओळी मायपायखाली आणल्या, त्याही टप्प्याटप्प्याने. माझी पद्धत अशी: संपूर्ण प्रोजेक्टला स्ट्रिक्ट लावायचं आणि जुन्या मॉड्यूलांची यादी करून फक्त तेवढ्यांना ‘इग्नोअर एरर्स’ (एरर दाखवू नकोस) ही सेटिंग द्यायची. नवी फाइल आपोआप कडक नियमांत येते. यादीतून पहिलं नाव पैशांचा हिशेब करणाऱ्या मॉड्यूलचं काढा. मायपायची आवृत्ती पिन करा, म्हणजे एकच ठरवून ठेवा, कारण स्ट्रिक्टमध्ये कोणते नियम येतात ते आवृत्तीगणिक बदलतं. एखाद्या ओळीची एरर दाबणारी ‘टाइप इग्नोअर’ ही कॉमेंट लिहावीच लागली तर कोणती एरर दाबतोय त्याच्या कोडसकट लिहा. गरज संपलेला इग्नोअर मग स्ट्रिक्टच दाखवून देतं.