दहा किलोमीटरच्या बाहेरचं गाव

परवा दुसऱ्या वेच्याचा कापूस खेडा खरेदीवाल्याकडे नेला. त्यानं मूठभर उचलला, बोटांत चोळला आणि बोटं माझ्यासमोर धरली. काळी. भाव पाडला, मीही बोललो नाही. काय बोलणार?

ती कोळशाची भुकटी, ट्रकांतून उडणारी. निदान दिसते तरी. जवळच्या वीज केंद्राच्या चिमणीतून जे निघतं ते दिसतही नाही.

माझी लेक सात वर्षांची आहे. दप्तरात डब्याशेजारी पंप असतो, दम्याचा. वर्गात ती एकटी नाही. माय थंडीत रात्री बाजेवर उठून बसते. "काय सांगू बापा, छातीवर गोटा ठेवल्यावानी वाटते." डॉक्टर विचारतात, घरात कोणी बिडी ओढतं का? कोणीच नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं नियम काढला होता. कोळशावरच्या वीज केंद्रांनी धुरातला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधक जळून होणारा वायू, दोन वर्षांत कमी करायचा. उपाय माहीत असलेलाच : धूर चुनखडीच्या पाण्यानं धुवायचा, खाली जिप्सम उरतं. मुदत २०२२ वर गेली, मग आणखी पुढे, आणखी पुढे. जुलै २०२५ मध्ये मुदतवाढीचीही कटकट संपवली. देशातल्या सुमारे ७८ टक्के कोळसा वीज संचांना सरळ सूट.

सूट कोणाला नाही? दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर १० किलोमीटरच्या आत असेल, तर २०२७ अखेरपर्यंत यंत्रणा बसवा. अतिप्रदूषित पट्टा किंवा हवा बिघडलेलं शहर तेवढ्याच अंतरात असेल, तर प्रत्येक केंद्राचं वेगळं पाहून ठरवू. चंद्रपूर यात येतं. बाकीच्यांची चिमणी नियमाएवढी उंच असली की झालं. आमच्या शिवारातून दिसणारी चिमणी या बाकीच्यांतली.

वीज केंद्रासाठी जमिनी घेताना म्हणाले, इथं शहर नाही, वस्ती विरळ आहे, जागा झकास. आता म्हणतात, इथं शहर नाही, मग धूर धुवायचा कशाला?

सरकारचं म्हणणं, आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेतला हा वायू मर्यादेतच आहे. गंधक कमी, हे खरं. पण हा वायू वायूच राहत नाही ना. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाणारे, शेकडो किलोमीटर वाहणारे. चिमणी उंच केली म्हणून ते कमी होत नाहीत, लांब जाऊन पडतात इतकंच. त्यात एप्रिल २०२४ पासून १९८१ च्या हवा कायद्यात तुरुंगाच्या जागी दंड आला, १० हजार ते १५ लाख. एवढ्या मोठ्या केंद्राला १५ लाख म्हणजे चहापाणी.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवतो, चुली अजून आहेत. मीही पेटवल्यात. पण ते आगपेटी खिशात ठेवली की थांबतं.

कोणी म्हणेल वीज नको का? हवी. चिमणी दिसते त्या गावात शेतीपंपाची लाईन रात्री बाराला येते आणि आम्ही विंचवाकाट्यातून ओलिताला जातो, हेही लिहून ठेवा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडतोय : गावात हवा मोजायचं यंत्र आणि शाळेत पोट्ट्यांची छातीची तपासणी. दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, घेऊन या. दम्याच्या पंपाच्या रिकाम्या डब्यासुद्धा.