‘गँग’ हा शब्द मी बदलणार नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे. त्यांच्यावरच्या ‘अण्णांची गँग’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच लिहिलं असतं तर जास्त कडू लिहिलं गेलं असतं, म्हणून सकाळपर्यंत थांबलो. रुळांवर राबणाऱ्या माणसांना ‘गँग’ म्हणणं हा त्यांचा अपमान आहे, असं तुमचं म्हणणं. तेवढंच असतं तर शांतपणे बोललो असतो. पण तुम्ही लिहिता, ‘गँग म्हणजे गुंडांची टोळी हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं, एसीत बसून कष्टकऱ्यांवर लिहिणाऱ्यांना कोण सांगणार?’ मत मांडायला एवढा तोरा कशाला लागतो?

तुमचं एक बरोबर आहे. रेल्वेच्या कागदावर आता ‘गँगमन’ हा हुद्दा नाही. त्याचा आधी ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर. चूक माझी होती, दुरुस्त केली आहे.

आता पाचवीतलं पोर. १९८६ साली मीच पाचवीत होतो. वर्गात फॉर्म भरताना वडिलांचा व्यवसाय विचारला, मी उभा राहून ‘गँगमन’ म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. त्या पोरांना तुमचाच अर्थ ठाऊक होता. मला ठाऊक होता तो इगतपुरीच्या गँगचाळीतला. पहाटे मेट, म्हणजे गँगचा म्होरक्या, हाक मारायचा, अण्णा खांद्यावर पहार टाकून निघायचे. कीमन हातोडा घेऊन आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या टप्प्यावर, एकटा चालत जायचा, रूळ जखडून ठेवणाऱ्या चाब्या ठोकत. बाकीचे दिवसभर रुळांखालच्या स्लीपरखाली खडी ठासून पॅकिंग करायचे. पावसाळ्यात थळ घाटात रात्रीची गस्त. ‘गँग आली का गं?’ असं आई शेजारणीला विचारायची, तेव्हा चाळीत कुणाच्या डोळ्यांपुढे गुंड उभा राहत नव्हता. गँगमधला एक जण धुक्यात गाडीखाली गेला, तेव्हा त्याच्या घरी महिनाभर आळीपाळीने भाकऱ्या गेल्या. अण्णांनी त्याच्या मुलीचं कन्यादान केलं. हा अर्थ मी पुस्तकातून उचललेला नाही.

आणि हा अर्थ आमच्या चाळीने शोधलेलाही नाही. जुन्या इंग्रजीत गँग म्हणजे चालणं, वाट. जहाजावर चढायच्या ‘गँगवे’त तो अजून जिवंत आहे. संस्कृतातली जंघा, जिच्यातून आपली जांघ आली, त्याच मुळातली मानतात. पुढे एका कामाला बरोबर न्यायच्या हत्यारांचा संच म्हणजे गँग झाली, आणि सतराव्या शतकात मिळून काम करणाऱ्या माणसांचा जथा. जवळपास त्याच काळात चोरांच्या जथ्यालाही ते नाव पडलं, हे मी नाकारत नाही. पण शब्दाचा सातबारा चोरांच्या एकट्याच्या नावावर कधीच नव्हता. इंग्लंडमध्ये शेतावर गँगने राबणाऱ्या बायका-मुलांसाठी १८६७ मध्ये कायदा झाला. आठ वर्षांखालच्या मुलाला गँगमध्ये घ्यायला बंदी आली, गँगमास्टरला परवाना लागू लागला. २००४ मध्ये मोरकम बेच्या वाळूत शिंपल्या वेचणारे वीसहून जास्त चिनी मजूर भरतीत बुडाले आणि त्याच वर्षी तिथे पुन्हा कायदा झाला, त्याच्याही नावात ‘गँगमास्टर’ आहे. या मजुरांना गुंड ठरवण्यासाठी हे कायदे झाले होते का?

इंग्लंडही सोडा. तुम्ही गँगचा अर्थ ‘टोळी’ असा दिलात. दसऱ्यानंतर बीडकडून साखर कारखान्यांकडे निघतात त्यांना काय म्हणतात? ऊसतोडीच्या टोळ्या. मुकादम टोळी भरतो, टोळीत किती कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ते मोजतो. त्या माणसांचा अपमान त्या शब्दाने होत नाही, आगाऊ घेतलेल्या उचलीच्या हिशेबाने होतो. तिथे जाऊन तुम्ही त्यांना टोळी हा शब्द सोडायला सांगणार आहात का?

‘पथक’ आणि ‘संघ’ असे मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला, आणि व्युत्पत्तीला आधार का दिला नाही, हे तुमचे उरलेले दोन मुद्दे. पथक ढोलताशाचं असतं, संघ क्रिकेटचा असतो. यापुढे त्यावर वेळ घालवत नाही.

राहिला एसी. आमच्या दोन खोल्यांत टेबलफॅन आला तो १९९१ साली, अण्णांच्या थकबाकीतून. मी आज कुठे बसून लिहितो हे तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसताना लिहिलंत याचाच राग जास्त आला.

अण्णांना तुमची प्रतिक्रिया फोनवर वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘मग आम्ही स्वतःला काय म्हणायचं होतं?’ याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी ते त्यांना वाचून दाखवीन. लेखाचं शीर्षक मात्र आहे तेच राहील.