कोहन नुसता झेंडेवाला नव्हता

जुन्या ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या धंदेवाईक रंगभूमीचा, विषय निघाला की जॉर्ज एम. कोहनबद्दल एक ठरलेलं मत हमखास कानावर येतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेला, झेंडा फडकवत नाचणारा, 'ओव्हर देअर' आणि 'गिव्ह माय रिगार्ड्स टू ब्रॉडवे' लिहिणारा गीतकार. त्याची नाटकं म्हणजे दोन गाण्यांमधली भरताड. जी काही बरी नाटकं निघाली, ती दुसऱ्यांच्या गोष्टींवर बेतलेली. नट म्हणून स्वतःखेरीज कुणाची भूमिका त्याला जमली नाही. आणि १९१९ च्या नटांच्या संपात तो मालकांच्या बाजूने उभा राहिला, तिथेच त्याचा खेळ संपला. हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की आता ते माहिती म्हणूनच वावरतं.

मला ते पटत नाही. कोहनची खरी कमाई गद्य विनोदी नाटकात आहे, फार्समध्ये आहे, आणि नट म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम पन्नाशी उलटल्यावरचं आहे. एकेक मुद्दा घेतो.

जन्मतारखेचं आधी उरकू. त्याचा जन्म ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचा, साल १८७८. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख ३ जुलै आहे. घरचे वाढदिवस ४ जुलैला करत. एका दिवसाचा फरक, त्यावर भांडण्यासारखं काही नाही.

'तो मुळात गीतकार, नाटकं मागाहून जोडली' हा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा. कोहन व्हॉडव्हिलमध्ये वाढला. एका तिकिटात गाणी, नाच, कसरती, प्रहसनं असा मिश्र कार्यक्रम, आणि दर आठवड्याला नवं गाव. वडील जेरी, आई नेली, थोरली बहीण जोसी आणि जॉर्ज असे चौघे मिळून 'द फोर कोहन्स'. शाळेशी त्याचा संबंध नावापुरताच आला. पोरवयातच 'पेक्स बॅड बॉय' या नाटकातल्या वांड पोराची भूमिका घेऊन तो दौऱ्यावर होता. गाणी तो विशीच्या आतच विकायला लागला हे खरं. पण त्याच वयात तो घरच्या चौघांसाठी प्रहसनंही लिहीत होता. ब्रॉडवेवरची त्याची पहिली दोन नाटकं, १९०१ चं 'द गव्हर्नर्स सन' आणि १९०३ चं 'रनिंग फॉर ऑफिस', ही त्या घरगुती प्रहसनांनाच ताणून केलेली होती. दोन्ही फारशी चालली नाहीत. पहिल्याचे ३२ प्रयोग झाले. म्हणजे नाटकाच्या सांगाड्यावर गाणी चढली, गाण्यांना नाटक चिकटलं नाही.

त्या गाण्यांचं नाटकात काय काम होतं, हे 'लिटल जॉनी जोन्स'मध्ये दिसतं. ७ नोव्हेंबर १९०४ ला लिबर्टी थिएटरमध्ये हे लागलं. जॉनी हा अमेरिकन जॉकी. डर्बी या घोड्यांच्या शर्यतीसाठी इंग्लंडला आलेला, आणि पैसे खाऊन शर्यत हरल्याचा आळ अंगावर आलेला. साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरून जहाज न्यूयॉर्कला निघतंय. सोबतीचे सगळे चढतात, जॉनी मागे राहतो, कारण नाव स्वच्छ झाल्याशिवाय त्याला परत जायचं नाही. त्याचा गुप्तहेर मित्र जहाजावर आहे. पुरावा हाती लागला की त्याने जहाजावरून अग्निबाण सोडायचा, असं ठरलंय. जॉनी निघालेल्यांना ब्रॉडवेला नमस्कार सांगायला लावतो, ते गाणं इथे येतं, आणि ते निरोपाचं, उतरलेल्या चेहऱ्याचं गाणं आहे. जहाज दूर जातं. रंगमंचावर अंधार, धक्क्यावर एकटा माणूस. मग पडद्यामागच्या आभाळात अग्निबाण उडतो, आणि तीच चाल, तेच शब्द घेऊन जॉनी सुसाट नाचायला लागतो.

आज हे गाणं जो तो आनंदाचं म्हणून गातो. नाटकात ते आधी खचलेल्या माणसाचं आहे आणि मग सुटलेल्या माणसाचं. मधला अग्निबाण काढून टाका, गाणं अर्धं होईल. कथानकाची कळ अशी गाण्याच्या पोटात ठेवणारा माणूस नाटककारच म्हणायला हवा. आणि हे नाटकही पहिल्या झटक्यात गाजलं नाही. ५२ प्रयोगांनंतर कोहनने ते दौऱ्यावर नेलं, घासूनपुसून घट्ट केलं आणि १९०५ मध्ये पुन्हा न्यूयॉर्कला आणलं, तेव्हा त्याला बरकत आली. प्रेक्षक कुठे सैलावतात ते विंगेतून बघायचं आणि तिथे कात्री चालवायची, ही त्याची सवय शेवटपर्यंत टिकली.

आता झेंडा. १९०६ च्या 'जॉर्ज वॉशिंग्टन ज्युनियर'मध्ये झेंडा भरपूर आहे, आणि त्यातला काही भाग आज वाचताना मलाही बटबटीत वाटतो. पण पहिल्या महायुद्धात गाजलेलं 'ओव्हर देअर' हे १९१७ चं गाणं कुठल्याच नाटकातलं नाही, ते सुटं लिहिलेलं आहे. त्याच्या जोरावर अख्ख्या नाट्यकारकिर्दीला 'देशभक्तीची नाटकं' असं लेबल लावणं अन्यायाचं आहे. कारण १९१० पासून त्याने जी नाटकं लिहिली, त्यांतली सर्वांत गाजलेली बिनझेंड्याची आणि बिनगाण्यांची आहेत.

१९१० चं 'गेट-रिच-क्विक वॉलिंगफोर्ड' घ्या. दोन भामटे एका लहान गावात येतात. खिशात दमडी नाही, पण थाट लक्षाधीशाचा. कारखाना काढायचाय असं सांगून गावकऱ्यांकडून पैसे गोळा करायचे आणि पसार व्हायचं, एवढाच बेत. कारखाना कसला, तर गालिचा ठोकायच्या छोट्या खिळ्यांचा, ज्यांच्या डोक्यावर गालिच्याच्या रंगाचं कापड चढवलेलं असेल, म्हणजे खिळा दिसणार नाही. थाप मारता मारता काढलेली ही कल्पना. गंमत अशी की माल खरोखर खपतो, गाव भरभराटीला येतं आणि भामटे नाइलाजाने प्रतिष्ठित होऊन बसतात. ४२४ प्रयोग झाले याचे. पैशाच्या मागे धावणाऱ्या अमेरिकेचं इतकं अचूक चित्र काढणारा माणूस डोळे मिटून राष्ट्राचा जयजयकार करणारा होता, हे कसं मानायचं?

इथेच 'दुसऱ्यांच्या गोष्टींवर बेतलेली' हा आक्षेप येतो. खरं आहे. वॉलिंगफोर्ड जॉर्ज रँडॉल्फ चेस्टरच्या कथांमधला. 'सेव्हन कीज टू बाल्डपेट' अर्ल डेर बिगर्सच्या कादंबरीवरचं. 'द टॅव्हर्न'चं मूळ कोरा डिक गँट या लेखिकेच्या संहितेत. पण त्या काळी ब्रॉडवेवर कादंबरी आणि कथांची नाटकं करणं हा रोजचा धंदा होता. प्रश्न, घेतलेल्या मालाचं काय केलं हा आहे.

'बाल्डपेट' २२ सप्टेंबर १९१३ ला ॲस्टर थिएटरमध्ये लागलं आणि ३२० प्रयोग चाललं. हिवाळ्यात बंद पडलेलं डोंगरावरचं हॉटेल. मॅगी नावाचा खपाऊ कादंबरीकार पाच हजार डॉलरची पैज लावून तिथे येतो, की चोवीस तासांत अख्खी कादंबरी लिहून दाखवीन. हॉटेलची एकुलती एक किल्ली आपल्याकडे आहे, अशी त्याची समजूत. तो लिहायला बसतो न बसतो तोच कुलपात दुसरी किल्ली फिरते. मग तिसरी. चोर येतात, बातमीदार बाई येते, भूत बनून लोकांना घाबरवणारा एकांडा येतो, लाचेच्या पैशांवरून पिस्तुलं निघतात. बिगर्सच्या कादंबरीत हे सगळं खरोखर घडतं. कोहनच्या नाटकात शेवटी हॉटेलचा मालक येऊन सांगतो की हे सगळे भाड्याने आणलेले नट होते, तुझ्यासारख्या लेखकांच्या गोष्टी किती अशक्य असतात ते तुला दाखवायचं होतं. प्रेक्षक सुस्कारा टाकतो. आणि मग उपसंहारात कळतं की मालकाचा तो खुलासासुद्धा घडलेला नव्हता. मॅगी लिहीत होता, आणि आपण दोन अंक पाहिली ती त्याची पुरी झालेली कादंबरी होती. त्याने पैज जिंकली आहे.

ही दुहेरी कलाटणी मूळ कादंबरीत नाही. ती निव्वळ कोहनची आहे. रहस्यनाट्याची टिंगल करायची, ती करता करता प्रेक्षकाला त्याच रहस्यात गुंतवून ठेवायचं आणि शेवटी त्यालाच विचारायचं की तू खरं काय मानलंस. नाटक हे नाटक आहे याची जाणीव देणाऱ्या रंगभूमीची चर्चा पुढे फार मोठ्या नावांच्या भोवती झाली. १९१३ साली धंदेवाईक ब्रॉडवेवर, हसवत हसवत हे करून दाखवणाऱ्याचं नाव त्या चर्चेत येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'द टॅव्हर्न'मध्ये तो आणखी पुढे गेला. वादळी रात्र, वाटेवरची सराई, बंदुका, रहस्यमय बाई, म्हणजे मेलोड्रामाचं सगळं सामान. त्यात एक भटक्या येतो आणि समोर चाललेल्या प्रकाराकडे तो नाटक बघावं तसा बघतो, दाद देतो, खूश होतो. शेवटी वेड्यांच्या इस्पितळाची माणसं त्याला न्यायला येतात. या नाटकाचे २५२ प्रयोग झाले. आधी ही भूमिका आर्नल्ड डेलीने केली, पुढे स्वतः कोहनने.

'द टॅव्हर्न'चं साल १९२०. आणि १९१९ च्या संपात कोहन संपला म्हणतात! संपाबद्दल मी त्याची वकिली करणार नाही. ७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असा महिनाभर तो संप चालला. आठवडेच्या आठवडे तालमी, त्यांचा पैसा नाही. दौऱ्यात कंपनी बुडाली तर परतीचं भाडं नटाच्या खिशातून. मागण्या रास्त होत्या. कोहन तेव्हा सॅम हॅरिसच्या भागीदारीत मोठा निर्माता होता. हा नटांनी आपल्याशी केलेला कृतघ्नपणा आहे असं त्याने धरलं, 'ॲक्टर्स इक्विटी' या नटांच्या संघटनेच्या विरोधात उभ्या राहिलेल्या 'फिडेलिटी लीग'चं नेतृत्व केलं, क्लबांचे राजीनामे दिले, आणि इक्विटीचा सभासद तो मरेपर्यंत झाला नाही. तो चुकला. हॅरिसबरोबरची भागीदारीही १९२० मध्ये मोडली. पण 'संपला' हे तारखांच्या विरुद्ध आहे. १९२२ मध्ये 'लिटल नेली केली'चे २७६ प्रयोग झाले, १९२३ च्या शेवटच्या दिवशी 'द साँग अँड डान्स मॅन' लागलं, १९२७ च्या 'द बेबी सायक्लोन'मध्ये त्याने स्पेन्सर ट्रेसी नावाच्या तरुण नटाला पुढे आणलं.

राहिला अभिनय. तरुणपणी त्याची ठरलेली ढब होती: नाकातला आवाज, तोंडाच्या कोपऱ्यातून बोलणं, एक पापणी किंचित झुकलेली, काठी आणि टोपी. त्याची नक्कल करणं सोपं होतं, म्हणून तीच लोकांच्या लक्षात राहिली. पण २ ऑक्टोबर १९३३ ला थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेने युजीन ओनीलचं 'आह, वाइल्डरनेस!' रंगमंचावर आणलं तेव्हा नॅट मिलर हा बाप कोहनने उभा केला. तीन पुलित्झर पारितोषिकं मिळवलेल्या लेखकाची संहिता, ना गाणं, ना नाच. कनेक्टिकटमधल्या लहान गावातला वर्तमानपत्राचा मालक. जेवणाच्या टेबलावर तो ठासून सांगतो की ब्लूफिश या माशातल्या तेलाने आपल्याला विषबाधा होते. मग कळतं की बायको वर्षानुवर्षं तोच मासा दुसऱ्या नावाने त्याला वाढत आलीय. टेबलाभोवती सगळे हसतात आणि बाप दुखावतो. हा क्षण जास्त हसरा केला तर नॅट विदूषक होतो, जास्त दुखरा केला तर विनोद मरतो. पुढे वयात आलेल्या मुलाला चार गोष्टी समजावून सांगताना त्याच बापाची उडणारी तारांबळ आहे, तिलाही असाच हलका हात लागतो. २८९ प्रयोग कोहनच्या या कामावर उभे राहिले, आणि समीक्षकांनी त्याला जी दाद दिली ती शांत, दबक्या अभिनयासाठी होती.

चार वर्षांनी 'आय'ड रादर बी राइट'मध्ये त्याने खुद्द अध्यक्ष रूझवेल्टची भूमिका केली. गाणी रॉजर्स आणि हार्ट यांची, संहिता कॉफमन आणि मॉस हार्ट यांची, म्हणजे कोहनचं स्वतःचं त्यात काहीच नाही. रूझवेल्टचं राजकारण त्याला पसंत नव्हतं, ती गाणीही त्याला रुचली नव्हती. तरी २९० प्रयोग झाले. निर्माता होता सॅम हॅरिस, तोच जुना भागीदार.

मग हे चुकीचं मत आलं कुठून? माझ्या मते मुख्यतः १९४२ च्या 'यांकी डूडल डँडी' या चित्रपटातून. त्यात कोहन झालेल्या जेम्स कॅग्नीचं काम अप्रतिम आहे, ऑस्कर त्याला योग्यच मिळालं. पण ज्या चित्रपटात कोहनची पहिली बायको एथेल लेव्ही, 'लिटल जॉनी जोन्स'मध्ये त्याच्यासोबत उभी राहिलेली अभिनेत्री, मुळी अस्तित्वातच नाही, त्याला चरित्र म्हणून वापरणं धोक्याचं आहे. युद्धाच्या वर्षात स्टुडिओला गाणी आणि झेंडा हवा होता. बाल्डपेटच्या किल्ल्या त्यांच्या कामाच्या नव्हत्या.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९३६ मध्ये मंजूर केलेलं सुवर्णपदक रूझवेल्टनी त्याच्या हाती दिलं ते १ मे १९४० ला, आणि तेही गाण्यांसाठी. १३ मे १९४० ला कोहन 'द टॅव्हर्न'चा पुढचा भाग, 'द रिटर्न ऑफ द व्हॅगबॉन्ड', घेऊन ब्रॉडवेवर आला. स्वतः लिहिलेलं, भटक्याच्या भूमिकेत स्वतः. सात प्रयोगांत नाटक उतरलं, आणि ब्रॉडवेवरचं त्याचं ते शेवटचं काम ठरलं. पण पदक मिळाल्यावर बारा दिवसांनी, एकसष्टी गाठलेल्या कोहनला जे करून दाखवायचं होतं, ते गद्य विनोदी नाटक होतं.