पन्नास हजारांची ‘घरपेन्शन’ आली कुठून?

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीचा गट, ज्येष्ठ नागरिक संघ, बँकेतले जुने सहकारी, आणि चौथ्यांदा थेट चिंचवडच्या मावसबहिणीकडून, “हे खरं का रे?” असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: साठी ओलांडलेल्या प्रत्येक घरमालकाला सरकार ‘घरपेन्शन’ देतं. एक कोटीचं घर असेल तर दरमहा पन्नास हजार, तेही आयुष्यभर. व्याज नाही, परतफेड नाही, कर नाही. तुमच्या पश्चात घर बँकेचं, एवढंच. कोणतीही बँक नाही म्हणू शकत नाही.

माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

“सरकार पेन्शन देतं.” नाही. हे कर्ज आहे आणि त्याचं नाव रिव्हर्स मॉर्गेज. 2007-08 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी त्याची घोषणा केली आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने म्हणजे एनएचबीने त्याच वर्षी नियमावली काढली. सरकारचा यात एक रुपयाही नाही. बँक किंवा गृहकर्ज कंपनी तुमचं राहतं घर गहाण ठेवून घेते आणि दर महिन्याला थोडं थोडं कर्ज तुमच्या खात्यात टाकते. नेहमीच्या गृहकर्जात आपण हप्ता भरतो आणि बाकी उतरत जाते. इथे हप्ता बँक देते आणि बाकी चढत जाते. ‘उलटं’ आहे ते एवढंच.

“एक कोटीच्या घरावर पन्नास हजार.” हा आकडा कुठून आला असेल याचा मी बराच विचार केला. एनएचबीच्या नियमावलीत मासिक रकमेवर 50,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. कुणीतरी तेवढाच आकडा उचलला आणि ‘जास्तीत जास्त’ हे शब्द मागे ठेवले. लोकलच्या डब्यावर लिहिलेली आसनसंख्या बघून तेवढ्या जागा रिकाम्या असतील असं समजावं, तसं झालं.

खरा हिशोब कागदावर मांडू. बँक घराच्या पूर्ण किमतीवर कर्ज देत नाही. एनएचबीच्या मार्गदर्शक तक्त्यात 60 ते 65 वयाला साधारण 40 टक्के, तर पंच्याहत्तरीच्या पुढे 60 टक्के धरले आहेत. आपण उदार होऊन 60 टक्केच धरू. एक कोटीच्या घरावर 60 लाख. पण हे 60 लाख हातात येणारी रक्कम नव्हे. मुदत संपेल त्या दिवशी मुद्दल आणि व्याज मिळून बाकी तिथवर जायला हवी, असा त्याचा अर्थ. व्याजदर 10 टक्के आणि मुदत 15 वर्षं धरली तर महिन्याला मिळतात सुमारे 14,500 रुपये. पंधरा वर्षांत हातात पडले 26 लाख आणि व्याज चढलं 34 लाख. मुदत 20 वर्षांची केली की महिन्याची रक्कम 7,900 वर येते. बासष्टीच्या माणसाला 40 टक्क्यांनी धरलं तर पंधरा वर्षांसाठी 9,650 च्या आसपास. एक कोटीच्या घरावर! किराणा, औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स निघेल. फॉरवर्डमधली ऐष काही निघणार नाही. एकरकमी पैसेही घेता येतात, पण त्याला वेगळी मर्यादा आहे आणि ते मुख्यतः आजारपणासाठी.

“आयुष्यभर.” इथे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. आयुष्यभर असतो तो घरात राहण्याचा हक्क. पैसे मुदतीपुरतेच, म्हणजे पंधरा किंवा फार तर वीस वर्षं. मुदत संपली म्हणून बँक तुम्हाला बाहेर काढत नाही, कर्जही मागत नाही. पण महिन्याचे पैसे थांबतात. पासष्टीला सुरू केलं तर ऐंशीला, म्हणजे नेमकं मदतनीस बाई ठेवायची वेळ येते तेव्हा. (आयुष्यभर रक्कम देणारा, विमा कंपनीच्या अॅन्युइटीला म्हणजे हयातभर ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेला जोडलेला वेगळा प्रकार नंतर निघाला, फॉरवर्ड त्याच्याबद्दल बोलत नाही.)

“व्याज नाही.” हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. व्याज आहे, चक्रवाढ आहे, आणि ते तुम्ही भरत नाही म्हणून दिसत नाही इतकंच. वरच्या उदाहरणात पंधराव्या वर्षी 60 लाख बाकी होती. माणूस देवाच्या दयेने आणखी पाच वर्षं जगला, तर एकही नवा रुपया न घेता ती बाकी 98 लाखांच्या पुढे जाते.

“पश्चात घर बँकेचं होतं.” हेही चूक, आणि यातलं खरं फॉरवर्डपेक्षा बरं आहे. घर शेवटपर्यंत तुमच्याच नावावर राहतं. पती-पत्नी दोघं कर्जदार असतील तर दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या हयातीपर्यंत वसुली होत नाही. म्हणूनच अर्जावर दोघांची नावं असणं फार महत्त्वाचं. दोघांच्याही पश्चात वारसांना पहिला हक्क असतो: बाकी फेडा आणि घर सोडवून घ्या. नसेल फेडायची तर बँक घर विकते, आपले पैसे घेते आणि उरलेले वारसांना देते. आणि विक्रीतून बाकी भागलीच नाही तर? घराच्या विक्रीतून जे येईल त्याहून जास्त बँक मागू शकत नाही. मुलाच्या पगारावर, मुलीच्या दागिन्यांवर टाच नाही. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त भीती नेमकी याचीच वाटते. अमेरिकेत 62 वर्षांपुढच्यांसाठी असंच कर्ज आहे आणि तिथे ही तूट सरकारी विमा भरून काढतो. आपल्याकडे तो धोका बँकेच्या डोक्यावर, मग ती हात आखडता घेणारच.

“कर नाही.” हे बरोबर. 2008 मध्ये आयकर कायद्यात तशी तरतूद झाली, कारण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. मात्र वसुलीसाठी घर विकलं गेलं तर भांडवली नफ्यावरच्या कराचा प्रश्न तेव्हा येतोच.

“कोणतीही बँक नाही म्हणू शकत नाही.” म्हणू शकते, आणि म्हणते. कर्ज देण्याची सक्ती कोणत्याच बँकेवर नाही. शिवाय घर स्वकष्टार्जित हवं, स्वतः राहत असलेलं हवं, कागद निर्वेध हवेत आणि इमारतीचं आयुष्य निदान वीस वर्षं उरलेलं हवं. आता आपली घरं बघा. गिरगावातली पागडीची खोली? तुम्ही भाडेकरू, मालक नव्हे. सदाशिव पेठेतला वाडा? वडिलोपार्जित, सात वारस, त्यातले दोन बोलत नाहीत. पन्नास वर्षांची, पुनर्विकासाच्या वाटेवरची इमारत? बँकेचा मूल्यांकनकार जिन्यातूनच परत जाईल. गावठाणातलं घर? घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे.

फॉरवर्डने दोन गोष्टी सांगितलेल्याच नाहीत, आणि आपल्याकडच्या घरांत त्याच आधी आड येतात. पहिली: सलग वर्षभर घरात राहिला नाहीत तर तुम्ही कायमचं घर सोडलं असं धरून बँक वसुलीला लागू शकते. मुलगी न्यू जर्सीला आहे, बाळंतपणाला गेलो आणि राहिलो, हे इथे चालत नाही. दुसरी: एक खोली भाड्याने देणं, मालकीत आणखी कुणाचं नाव घालणं, घरपट्टी किंवा विमा थकवणं, डागडुजी न करणं, यातल्या कशानेही बँक सगळं कर्ज लगेच परत मागू शकते. पेइंग गेस्ट ठेवून चार पैसे मिळवायचा बेत असेल तर तो बेत किंवा हे कर्ज, एकच निवडावं लागेल.

मग घ्यावं का? मूलबाळ नसलेल्या, किंवा मुलांना खरोखरच घर नको असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या जोडप्याला मी नक्की सांगेन की चौकशी करा. कागदांवर सह्या झाल्यावरही विचार बदलायला तीन दिवस मिळतात, आणि मध्येच पैसे आले तर दंड न भरता कर्ज फेडता येतं. बासष्टीच्या धडधाकट माणसाला म्हणेन, थांबा. मोठं घर विकून छोटं घेण्यात काय सुटतं, तो हिशोब आधी करून बघा.

मावसबहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग मी विचारलं, “ताई, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?” “माझ्याच की. नॉमिनी मीच आहे.” म्हटलं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा फोटो पाठव, त्यावर सभासद म्हणून कुणाचं नाव आहे ते बघू. रात्री फोटो आला. भावजी जाऊन सहा वर्षं झाली, सर्टिफिकेटवर अजून त्यांचंच नाव आहे. आता दोन्ही मुलांच्या सह्या घ्यायच्या आहेत, आणि धाकटा मेलबर्नहून दिवाळीशिवाय येत नाही.